तहकुबी

रेडिओवर जिल्ह्यातल्या मयतांची नावं वाचून झाली, तरी मॅलकी गिलरॉयला हवा तसा मेलेला माणूस त्यात सापडेना.

"कुणीतरी तालेवार मरायची वाट बघतोयस," त्याची बायको ऊना टोस्टला लोणी लावत म्हणाली. "आणि तेही न्याहारीच्या वेळी."

"मान द्यायचाय गं कुणाला तरी."

मॅलकी जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. आसरा मागायला येणाऱ्या परक्या लोकांसाठी युरोपातल्या देशांनी मिळून नियम केले होते. त्यात आयर्लंडनं सामील व्हावं का, यावरचा ठराव दुपारी सभेपुढे यायचा होता. परिषदेला कुणी विचारलं नव्हतं, पण ठराव होता. पंधरा सभासद हो म्हणणारे, पंधरा नाही म्हणणारे. नियम वाचलेले दोघंच, आणि त्या दोघांचंही आपसात पटत नव्हतं. निर्णायक मत मॅलकीचं. निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली. हो म्हटलं तर अर्धं गाव हातचं जाणार, नाही म्हटलं तर उरलेलं अर्धं. आणि सत्तावीस वर्षांची खुर्ची त्याला जिवापाड प्यारी होती.

सभेची सुरुवात शोकप्रस्तावानं व्हायची. मयत तोलामोलाचा असला तर त्याच्या मानार्थ सभा तहकूब व्हायची. तोलामोल अध्यक्षानं ठरवायचा.

शेवटी ऊनालाच त्याची दया आली. "पॅकी टिअर्नन होता की यादीत."

"पॅकीनं काय केलं असं?"

"एक्याण्णव वर्षं जगला. या हवेत."

दुपारी मॅलकी पॅकीवर सात मिनिटं बोलला आणि सभा निवडणुकीपलीकडे ढकलून मोकळा झाला. तीसच्या तीस सभासदांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या मनाचा माणूस, असं दोन्ही बाजू म्हणाल्या.

एवढं बोलल्यावर खांदा देणं आलंच. पॅकीचा एकुलता मुलगा बॉस्टनला, एकोणीस वर्षं कागदपत्रांवाचून. तिथून निघाला तर परत आत शिरता येणार नव्हतं, म्हणून तो चर्चमधल्या कॅमेऱ्यातून बापाला निरोप देत होता. अंत्यविधीचं बघणारा कॉनकॅनन खांदेकऱ्यांच्या जोड्या उंची बघून लावायचा, नाहीतर शवपेटी कलते. मॅलकी सव्वासहा फूट. त्याच्या जोडीला साऱ्या चर्चमध्ये एकच जण निघाला. टेस्फाय, मूळचा इरिट्रियाचा, बंद पडलेल्या हॉटेलात ठेवलेल्या आश्रितांपैकी. रविवारी पॅकीकडे पत्ते खेळायला जायचा.

पेटीखाली गेलं की जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकायचा, ही तिथली रीत. फाटकाशी स्थानिक पेपरचा फोटोग्राफर उभा होता. मॅलकीचा हात काही उठेना.

"हात टाक, मॅलकी," कॉनकॅनन म्हणाला. "पॅकी खोळंबलाय."

मॅलकीनं हात टाकला. फोटो निघाला. आता मत न देताही दिल्यासारखंच होतं.

चालता चालता त्यानं हळूच विचारलं, "तुला काय वाटतं? आम्ही सामील व्हावं?"

"हो म्हणालात तर काय ते कळेल. नाही म्हणालात तरी कळेल," टेस्फाय पुटपुटला. "तीन वर्षं झाली, आसऱ्याच्या अर्जावरच्या माझ्या मुलाखतीची तारीख पुढेच जातेय. दर वेळी पत्र येतं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मॅलकीला लाज वाटली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच वाटत असल्यामुळे ती ओळखायला त्याला फाटकापासून कबरीपर्यंत वेळ लागला.

माती पडू लागली तसं त्यानं परिषदेची सचिव ग्रॉन्या हिला बाजूला घेतलं. "सोमवारी सभा लाव. ठराव पहिल्या नंबरावर."

"निवडणुकीआधी?" ग्रॉन्यानं वही काढली. "आणि तोवर कुणी वारलं तर?"

"कुणीही वारू दे," मॅलकी म्हणाला. "मी वारलो तरी सभा घ्यायची."