एफीची कवडी

ओर्कनी बेटावर सूर्य समुद्रात उतरू लागला की एफी आणि तिची धाकटी बहीण विल्मा किनाऱ्याने फिरायला निघत. वाळूत गुलाबी कवडी सापडली की वर्ष सुखाचं जातं, असं तिथे सगळेच मानत. विल्माला इतक्या सापडल्या, की त्यांची माळच ती गळ्यात घाले. एफीला चाळीस वर्षांत एकही नाही. "तुझ्याच पायाशी बऱ्या येतात गं!" "ताई, तू वाळूकडे कुठे बघतेस? माझ्याकडेच बघत चालतेस." आज मात्र एफीच्याच बुटाशी कवडी चमकली. "माझी! हात लावू नकोस!" घरापर्यंत तिने विल्माला डिवचत आणलं; मावळतीचे रंग दोघींच्या पाठीमागेच विझले. दिव्याखाली पुसताना कवडीला भोक दिसलं, आत दोऱ्याचा तुकडा. विल्माने आज मफलर गळ्याशी घट्ट का गुंडाळला होता, ते आता उमगलं. एफी धुमसली, "मनाचा मोठेपणासुद्धा मेलीलाच सापडावा!"