आशीर्वादाचा हात

सोपानआबांच्या पश्चात गावानं चौकात त्यांचा पुतळा बसवायचं ठरवलं. मी तो मातीत पुरा केला आणि ब्राँझमध्ये ओतण्याआधी पसंतीसाठी घरच्यांना दौंडच्या शेडमध्ये बोलावलं. पुतळ्यावरचं ओलं गोणपाट ओढलं. गावाला आशीर्वाद देणारा आबांचा तो उंच उजवा हात बघून मुलं खूश झाली.

आबांची बायको, मालनबाई, मात्र कोपर तोंडावर धरून झटकन मागं सरल्या. मला वाटलं, चेहरा चुकला की काय?

मुलं बाहेर गेल्यावर भीतभीत विचारलं, "काकू, आबांसारखा न्हाई का झाला?"

"तसाच झालाय, बाबा." त्यांची नजर अजून जमिनीवरच होती.



"त्यो हात तेवढा खाली घ्या."