थर्मनची बरणी

चर्चच्या अंगणात भाजलेलं डुक्कर पिंजून पावांत भरणं चाललं होतं. थर्मननं व्हिनेगरच्या सॉसची बरणी बायकोपुढे सरकवली. लुवेनिया मोहरीचा पिवळा सॉस खाणाऱ्या गावची. ‘व्हिनेगरनं खिडक्या पुसतात, जेवत नाहीत’ म्हणत चाळीस वर्षं त्याच्या सॉसला नावं ठेवत आलेली. पण यंदाच्या आजारपणात थर्मनच्या जिभेची चवच गेली होती. सॉस त्यानं अंदाजानंच केला होता. तिनं पावावर ओतून घास घेतला. मीठ नाहीच, तिखट जहाल. तो तिच्या तोंडाकडेच बघत होता. चांगला म्हटलं, तर बिघडलाय हे लगेच ओळखेल. “खिडक्या पुसायच्या लायकीचा! नेहमीसारखाच,” ती फणकारली. “म्हणजे जमलाय, म्हातारे!” तो खुलला आणि लोकांना हाका मारायला गेला. लुवेनियानं डोळे पुसले, बरणी उचलून चर्चचं स्वयंपाकघर गाठलं. मीठ, साखर, आणखी व्हिनेगर... न मोजता घातलं, चाखलं. आता झाला खिडक्या पुसायच्या लायकीचा, अगदी नेहमीसारखा.