कडक स्प्रिंगा

बाबा रिमोटवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या, बग्ग्या, दुरुस्त करत. सस्पेन्शन जमलं की ते गाडीवर तळहात ठेवून तिला पार टेबलापर्यंत दाबत, क्षणभर तशीच धरत आणि "हं" म्हणून सोडत. गाडी सावकाश वर येई.

बाबांची तेरवी झाली होती. दुसऱ्या दिवशी आईला अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे न्यायचं होतं. त्याआधी बाबांची अर्धवट राहिलेली बग्गी पूर्ण करावी, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसले. शॉकअपमध्ये नवं तेल भरून गाडी टेबलावर ठेवली.

ती हळूहळू खाली बसली. तिचं पोट टेबलाला टेकलं. मग ती वर आली.

तेल गळत नव्हतं. गाडी पुन्हा दबली.

"आई, इकडे ये ना जरा."

"काहून? पोळ्या लाटून राहिली मी," स्वयंपाकघरात पाटावर बसलेली आई म्हणाली. "बापावरच गेली तू. गाडी दिसली का जेवनाची शुद्ध नाही!"

आता गाडी दबलेलीच राहिली. मी डब्यातल्या सगळ्यांत कडक स्प्रिंगा काढल्या आणि चारही बदलल्या. गाडी किंचित दबली, थांबली आणि ताठ उभी राहिली. मी श्वास सोडला.

आत लाटणं पडलं.

"पौर्णिमा," आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मले उठता येऊन नाही राहिलं. खांद्यावरचा हात काढ ना व माय."