वाढत्या अंगाचं माप

शाळा समितीच्या बैठकीत मंदाताई पहिल्यांदाच उठून बोलल्या. सातवीच्या मुलींना गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट नको, पंजाबी ड्रेस द्या. त्या स्कर्टापायी बाप पोरींना घरी बसवतात. समितीला ते पटलं आणि गणवेश शिवायचं कामही त्यांच्याच बचत गटाला मिळालं.

नमुन्याचा पहिला ड्रेस सातवीतल्या निकिताच्या मापाचा शिवला. ओढणी घेऊन ती आरशापुढं उभी राहिली, तेव्हा मंदाताईंनाही क्षणभर ओळखू आली नाही. कालपर्यंत लंगडी खेळणारी पोर एकदम बाईमाणूस दिसायला लागली होती. तोच ड्रेस घालून ती शाळेला गेली.

आठवड्यानं तिची आई मशीनपाशी येऊन टेकली. पिशवीतून तिनं हिरवा, जरीकाठाचा ब्लाउजपीस काढला.

"कुणाचा शिवायचा?"

"निकीचाच. शाळेच्या वाटेवर पाहुण्यांनी बघितली. तुमच्या ड्रेसात पोर चांगली थोराड दिसली, लगेच पसंत पडली. माप तर हाय तुमच्या वहीत."

मंदाताईंचं मशीन थांबलं. "अगं, तेरावं तरी लागलंय का तिला?"

"म्हणून तर सांगते, आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडा. वाढतं अंग हाय." आई उठली. "आन् कुठं बोलू नका, ताई."

दारात सातवीच्या उरलेल्या पाच मुली माप द्यायला उभ्या होत्या. पुढची लाजत म्हणाली, "काकू, आमचेपण निकीसारखेच शिवा."