भिवा तांडेलाचे बोट

"भिवाकाका, आज तरी डॉल्फिन दाखवणार ना?" होडीतल्या बाईंनी विचारले. "की गेल्या वर्षीसारखं नुसतं खारं वारं खायला घालणार?"

भिवा तांडेल कसनुसा हसला. एके काळी खाडीच्या तोंडाशी तो एकटाच पर्यटकांना आणी. इंजिन बंद करून गप्प बसले, की डॉल्फिन आपणहून जवळ येत. आता पाठ दिसली रे दिसली, की चहूकडून होड्या तुटून पडत. डॉल्फिन फिरकेनासे झाले होते.

इतक्यात डावीकडे खडकापाशी पाणी हलले. एक करडी पाठ आणि तिला बिलगलेली इवलीशी दुसरी. भिवाचा हात आपसूक उठला.

"काका, खंय दिसले?" शेजारच्या होडीवाल्याने हाक दिली. सगळ्या होड्या वळू लागल्या.

"थंय! दीपस्तंभाकडे!" म्हणत भिवाने बोट उजवीकडे फिरवले.

इंजिने गरजली. भलत्याच लाटेकडे पाहून माणसे ओरडली, "दिसला, दिसला!" बाईंनी टाळ्या पिटल्या.

मागे वळून त्या पिल्लाला एकदा डोळे भरून पाहावे, असे भिवाला फार वाटले. पण तो पाहील तिकडे सारे पाहत. म्हणून त्याने मान वळवली नाही.