उजवीकडे ओढणारी गाडी

रुम्यानाच्या धाकट्या भावाचं लग्न झालं, त्या वर्षीच्या वसंतात ती दर शुक्रवारी संध्याकाळी बापाच्या गाडीतली हवा काढत असे. फक्त पुढच्या उजव्या चाकातली. टोपण फिरवून काढायचं, काडेपेटीतल्या काडीने आतली पिन दाबायची आणि फुस्स आवाज ऐकत मनात थोडं मोजायचं. डोळ्यांना दिसू नये पण हातांना जाणवावं, इतकीच हवा जायला हवी होती. मग टोपण घट्ट करून ती कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. हात पदराला पुसावे तसे ॲप्रनला पुसायची, पण रबराचा वास बोटांना राहायचाच.

तिचा बाप वेल्को जन्मभर बस चालवत आला होता. डोंगरावरच्या त्या गावाची बस बंद पडल्यावर दर शनिवारी आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीत तो गावातल्या तीन आज्यांना खाली बाजारात नेऊ लागला. त्या दही आणि लोकरी मोजे विकायच्या. भाडं म्हणून एखादी लोणच्याची बरणी द्यायच्या, आणि मागच्या सीटवर बसून वाटभर त्याला चिडवायच्या. पण हिवाळ्यात त्याने गाडी झऱ्याच्या दगडी कठड्याला घासली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला की त्या पोराने सायकल तरी चालवली आहे का ते आधी विचारा. रस्त्याच्या उजव्या अंगाला दरी होती. रुम्यानाला झोपेत त्या आज्या दिसायच्या. पण साऱ्या गावाला रस्ता दाखवलेल्या माणसाला त्याच्या मुलीने किल्ली ठेव म्हणायचं, हे तिच्या जिभेवर येईना. गाडीच त्याला सांगेल, असं तिने ठरवलं.

गाडीने सांगितलं. तिसऱ्या शनिवारी तो घरी आला आणि जेवताना म्हणाला की स्टेअरिंग जड झालंय, गाडी उजवीकडे ओढते. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या मागून दह्याची रिकामी मडकी घेऊन आलेली, त्या तिघींपैकी गेना आजी हसली. म्हणाली, म्हाताऱ्याला आता दरीच्या बाजूला कोणीतरी बोलावत असेल, चांगली धष्टपुष्ट विधवा.

रुम्यानाने ताटातून मान वर केली नाही. "गाडीला काही झालेलं नाही, बाबा," ती म्हणाली. "वय झालं तुमचं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, असेल.

मेच्या सुरुवातीला, सेंट जॉर्जच्या सणाला, कोकरू भट्टीत असताना, त्याने सगळ्यांसमोर किल्ली मुलाच्या हातात दिली. आज्यांना आता तू ने म्हणाला. रुम्यानाला जे हवं होतं ते मिळालं, आणि त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. वेल्को दारातल्या बाकावर बसून राहू लागला. डावा हात मांडीवर टाकलेला. सदऱ्याची वरची गुंडी उघडीच. पेला खाली पडून फुटला तरी उचलायला वाकायचा नाही. रुसलाय, ती मनाशी म्हणायची, माझ्यामुळे खचलाय. त्याच्या ताटात ती जास्तीचं चीज वाढायची, आणि तो खाऊ लागला की स्वयंपाकघरात निघून जायची. सप्टेंबरात भावाच्या लग्नात, हात धरून फेर धरायच्या नाचात त्याने कोणाचा हात धरला नाही, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाकावर त्याच्या शेजारी बसली आणि सगळं बोलून मोकळी झाली. काडी, पिन, शुक्रवार. शेवटी म्हणाली की तुमच्या हातांना काही झालेलं नाही, मीच तुम्हाला फसवलं.

वेल्को हसला. म्हणाला की हे त्याला पहिल्याच शनिवारी फाटकाबाहेर पडण्याआधी कळलं होतं. उजवं चाक बसलंय हे मनगटाला कळत नसेल, तर इतकी वर्षं काय बैल हाकले? आणि तिच्या बोटांना रबराचा वास येत होता. झऱ्यापाशी, घर दिसेनासं झालं की, तो थांबायचा. गेना आजी पायपंप मारायची. तिघींनाही गप्प राहायची शपथ घातली होती. तोंडावर बोलायला लेक लाजते आहे, तर आपण तिला का उघडं पाडावं, असं त्याला वाटलं होतं.

"मग गाडी ओढते असं मला का सांगायचात?"

"ओढायची म्हणून."

मग तो सावकाश सांगत गेला. हवा बरोबर भरल्यावर पहिले दोन शनिवार गाडी सरळ चालली, तिसऱ्या शनिवारी ओढायला लागली. बाजारात आज्या दही विकत होत्या तेव्हा त्याने पुढची दोन्ही चाकं अदलाबदल करून पाहिली. दोष टायरचा असता तर गाडी डावीकडे गेली असती. ती उजवीकडेच गेली. ब्रेक धरून चाक तापतंय का म्हणून त्याच्या मध्याला हात लावून पाहिला, थंड होतं. उताराचा रस्ता सोडून सपाट मैदानात नेली, तरी तेच. शेवटी त्याने उजवा हात काढून घेतला आणि एकट्या डाव्याने स्टेअरिंग धरलं. बोटं आपोआप सुटली. इतके दिवस उजवाच हात एकटा स्टेअरिंग ओढत होता.

"तुलाच सांगितलं होतं, रुमी. तू वय झालं म्हणालीस. मला वाटलं, तुला दिसतंय."

तिने त्याचा डावा हात उचलला. तो ओल्या मोज्यासारखा जड होता, आणि तिच्या बोटांभोवती मिटला नाही.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्या हाताची ताकद खाणारी डोक्यातली गाठ दाखवली आणि वसंतातच का आणलं नाही, असं विचारलं. वेल्को त्याच वर्षी ऑक्टोबरात, सेंट दिमितरच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी वारला.